भोपळ्याशेजारची चिठ्ठी

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि कल्पना करा. तुमच्या पायात बाभळीचा काटा मोडलाय. चांगला खोलवर गेलाय. आता पुढे काय होणार, हे तुम्ही कुठे उभे आहात त्यावर अवलंबून आहे.

अमेरिकेत असाल तर काट्याच्या आधी तुमच्या विम्याचं कार्ड बघतील. इंग्लंडात असाल तर बिल कोणी देणार नाही, पण रांग मोठी असली तर बसून राहावं लागेल. कुवेतमध्ये असाल तर गारेगार खोलीत नेतील, आणि काटा काढणारी नर्स बहुधा तिथली नसेल, आपल्यासारख्याच कुठल्यातरी गावातून गेलेली असेल. आणि आमच्या कोल्हार गावात असाल तर? कोल्हारात दया आत्या आहे. ती काटा काढील, पट्टी बांधील आणि वर विचारील, "पायात चप्पल का नव्हती?"

उघडा आता डोळे.

ही दया आत्या सगळ्या आळीची आत्या झाली असली, तरी सख्खी आत्या एकट्या एंजलची. एंजल सहावीत होती आणि तिला या गोष्टीचा फार अभिमान होता. आत्याने चौदा वर्षं कुवेतमध्ये नर्सचं काम केलं होतं. काटा कुठल्या देशात गेला तर काय होतं, हा खेळही तिनेच एंजलला शिकवला होता. कधी काटा, कधी ताप, कधी मोडलेला हात.

"तिथे पगार चांगला होता ना गं?" एंजल विचारायची.

"चांगला. तारखेला मिळायचा. पण माझा पासपोर्ट कंपनीच्या कपाटात असायचा. रस्त्यापलीकडच्या दवाखान्यात जास्त पगार होता, पण तो रस्ता ओलांडायला कंपनीच्या परवानगीचा कागद लागायचा."

"आणि तो कागद?"

"चौदा वर्षांत नाही मिळाला."

म्हणून जूनमध्ये आत्या घरी परत आली. गावातल्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली की ती स्कुटीवरून पेशंटच्या घरी जायची. कुणाचं ड्रेसिंग, कुणाचं इंजेक्शन, कुणाची शुगर. म्हाताऱ्यांना दवाखान्याच्या पायऱ्या चढाव्या लागत नव्हत्या. आत्याला हेच करायचं होतं. आपलं काम, आपली वेळ, आपली स्कुटी.

फक्त एक अडचण होती. पैसे कोणी देत नव्हतं.

लोक वाईट होते म्हणून नव्हे हं. उलट घरात ठेवायला जागा उरली नाही, इतकं लोक आणून देत होते. मेथीच्या जुड्या, गवार, डाळिंबं, अंडी. कानिफनाथकाकांच्या पायाला उसाचं खोडकं लागून जखम झाली होती आणि त्यांना शुगर, त्यामुळे जखम भरता भरत नव्हती. आत्या चार महिने त्यांच्या मळ्यात जात होती. काकांनी चार महिन्यांत अकरा भोपळे दिले. एंजलची मम्मी आठवड्यातून दोनदा घारगे तळायची आणि म्हणायची, "वन्सं, आता कानिफनाथभाऊंचा पाय लवकर बरा करा हो!"

"मग पैसे माग ना, आत्या," एंजल म्हणाली.

"मागायला जाते गं. तोंडापर्यंत शब्द येतो, तेवढ्यात ते म्हणतात, दयाताई, च्या घ्या. मग कसं मागू?"

"कुवेतला कशी मागायचीस?"

"तिथे मागावं लागत नव्हतं. सगळं ठरलेलं असायचं." आत्याने कापसाचं रिकामं पुडकं चुरगाळलं. "कापूस, पट्ट्या, पेट्रोल. स्कुटी काही भोपळ्यावर चालत नाही, एंजल."

त्याच आठवड्यात कुवेतच्या कंपनीचा फोन आला. जागा रिकामी आहे, येणार का? सोमवारपर्यंत कळवा. आत्याने हे हळूच मम्मीला सांगितलं, ते एंजलने ऐकलं, आणि आत्याने ट्रंकेतून पासपोर्ट काढून टेबलावर ठेवलेलाही तिने पाहिला. त्या दिवशी घारगे तिला गोड लागले नाहीत.

रविवारी चर्चमध्ये कापणीचा सण होता. तुमच्यापैकी ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. शेतात, परसात जे पिकलं ते लोक देवापुढे अर्पण म्हणून आणतात. उसाच्या मोळ्या, बाजरीची कणसं, कोंबड्या, लोणच्याच्या बरण्या. उपासना झाली की अंगणात त्या सगळ्याचा लिलाव होतो आणि पैसे चर्चच्या कामाला जातात. लिलाव बघायला आणि बोली लावायला सगळं गाव येतं, कुणी कुठल्याही देवाचं असो. एकेक अंडं शंभराला जातं, आणि घेणारा ते पुन्हा टेबलावर ठेवतो, पुन्हा विकायला.

लिलाव पुकारायचे बेंजामिन गुरुजी, म्हणजे एंजलचे आजोबा. पस्तीस वर्षं शाळेत हजेरी घेतलेला आवाज होता तो.

आत्याने या वर्षी अर्पण काय आणलं असेल? सहा भोपळे! पहिला भोपळा वर उचलताच मागून कानिफनाथकाका ओरडले, "गुरुजी, थांबा! ह्यो तर माझाच हाय!"

"तुझा होता, कानिफ. मग दयाचा झाला, आता देवाचा आहे. बोली बोल."

"दोनशे!"

"अडीचशे," टेम्पोवाला वाल्मिक म्हणाला. त्याला भोपळा नको होता, काकांची गंमत करायची होती.

"तीनशे! वाल्म्या, गप बैस!"

"साडेतीनशे. काका, मळ्यात संपले का भोपळे?"

"चारशे!" काका काठी आपटत म्हणाले. अंगण हसून हसून लोळलं. काकांनी आपलाच भोपळा चारशेला घेतला आणि बाळासारखा मांडीवर ठेवला.

सगळे हसत होते. एंजल हसता हसता थांबली. ज्या काकांच्या हातून चार महिन्यांत आत्याला एक नोट सुटली नाही, त्यांनी चारशे रुपये क्षणात दिले. काका कंजूस नव्हतेच. मग फरक काय होता? इथे आजोबा मोठ्याने विचारत होते आणि काका मोठ्याने सांगत होते. एवढाच.

तिने बायबलमध्ये खुणेसाठी ठेवलेला कोरा कागद काढला. चर्चच्या पाळकसाहेबांकडे पेन मागितलं. चार शब्द लिहिले आणि ती चिठ्ठी दुसऱ्या भोपळ्याशेजारी, टेबलावर ठेवून दिली.

आजोबांनी चिठ्ठी उचलली. चष्मा वर केला, खाली केला. मग वाचलं, "दया आत्याची एक फेरी."

"एंजल!" आत्या उठून उभी राहिली. तिचे कान लाल झाले होते. "पप्पा, द्या ती इकडे."

आजोबांनी पाळकसाहेबांकडे पाहिलं. पाळकसाहेब हसले. "टेबलावर आलं ते अर्पण झालं, गुरुजी. पुकारा."

"दया आत्याची एक फेरी," आजोबांनी पुकारलं. "घरी येणार, जखम धुणार, पट्टी बांधणार, शुगर बघणार. बोला!"

माणसं एकमेकांकडे बघत राहिली. कोंबड्यांचा आवाज तेवढा येत होता. एंजलला वाटलं, आपण आत्याची फजिती केली. आता आत्या घरी जाईल आणि फोन लावील. तिने डोळे घट्ट मिटले.

"पन्नास," कानिफनाथकाका चाचरत म्हणाले.

"अहो काका!" वाल्मिक ताडकन बोलला. "भोपळ्याला चारशे आन पायाला पन्नास व्हय?"

पुन्हा हशा उसळला, पण या वेळी काकाही हसले. "बरं, शंभर!"

"शंभर आणि दहा," कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं.

"सव्वाशे! माझ्या आईची शुगर बघायचीय."

"दीडशे," काकांनी काठी वर केली. "आन आता कुनी बोलू नका. ही बाई नसती तर अंगठा गेला असता माझा."

दीडशे एक वार, दीडशे दोन वार, दीडशे तीन वार.

घरी जाताना एंजल उड्या मारत होती. चौकात येऊन ती एकदम थांबली. "आत्या! पैसे तर चर्चच्या पेटीत गेले!"

"गेले," आत्या म्हणाली. "एक फेरी देवासाठी फुकट करायची आता." ती हसत होती, पण एंजल हसली नाही. कारण सोमवार उद्याच होता.

सोमवारी सकाळी ओट्यावर काठीचा आवाज आला. कानिफनाथकाका. भोपळा नव्हता, त्यांनी खिशातून पाकीट काढलं.

"कालचे देवाला दिले, दयाताई. हे तुमचे. चार महिन्यांचे हायेत, मोजून घ्या."

"भाऊ, अहो एवढे..."

"ऐका तर. मला लई हलकं वाटलं काल. किती द्यायचे ते ठाऊकच न्हवतं. कमी दिले तर तुमचा अपमान, जास्त दिले तर वाटायचं, दयाताई म्हणतील कानिफ पैशाचा तोरा दावतोय. म्हनून चोरावानी भोपळे ठेवून जात हुतो. आता भाव ठरला. आता तुमी बी मोकळ्या, आमी बी मोकळे."

"मग च्या घ्या," आत्या म्हणाली, आणि दोघंही हसले.

काका गेल्यावर आत्याने कंपनीला फोन लावला. बोलणं इंग्रजीत होतं, पण ‘नो, थँक यू’ एवढं एंजलला स्पष्ट कळलं. मग आत्याने पासपोर्ट उचलला, स्वतःच्या कपाटात ठेवला आणि चावी कमरेला खोचली. "आता कुठे जायचं झालं तर मीच मला कागद देईन," ती म्हणाली.

एंजलने वह्यांच्या खोक्याचा पुठ्ठा कापला. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘दया आत्याची एक फेरी. रुपये दीडशे.’ आणि तो ओट्याच्या खांबाला सुतळीने बांधला.

दुपारी पाठीमागच्या गल्लीतल्या रतनबाई आल्या. एकट्या राहायच्या, चार कोंबड्या पाळायच्या. दर सोमवारी आत्या त्यांचं बीपी बघायची. पाटी बघून त्यांनी विचारलं, "काय लिवलंय गं, पोरी?"

एंजलने वाचून दाखवलं. रतनबाईंनी मान हलवली. पदराखाली काहीतरी होतं, ते त्यांनी आणखी आत घेतलं आणि हळूच एक पायरी मागे सरकल्या. "येते मग. पुन्यांदा कधीतरी."

"आजी, थांबा!" एंजल म्हणाली.

ती पळत घरात गेली आणि निळं स्केचपेन घेऊन आली. खांबापाशी स्टूल ओढलं, त्यावर चढली आणि दीडशेच्या खाली जरा तिरक्या अक्षरात आणखी एक ओळ लिहिली. मग खाली उतरून ती रतनबाईंना बोट ठेवून वाचून दाखवली.

‘किंवा दोन अंडी.’