भात्यातली हवा

मित्रांनो, मी एक वय झालेली पेटी आहे, गळ्यात अडकवून चालता चालता वाजवायची. घडले मी पुण्याला, पण माझे दिवस गाजले ते न्यूझीलंडमधल्या अप्पर हट गावच्या एका जुन्या विहारबागेत. पूर्वी या बागेत लोक तिकीट काढून हवा खायला येत आणि वादक त्यांच्यामधून वाजवत फिरत. आता दर उन्हाळ्यात एक दिवस तोच थाट पुन्हा मांडतात. जुन्या धाटणीच्या टोप्या घालून मंडळी येतात. पुढे फिडलवाले असत आणि मागे मी, माझा वादक रवींद्र याच्या गळ्यात. फिरत्या वादकांचा नियम एकच, थांबायचे नाही. फुशारकी मारत नाही, पण पोरेबाळे फिडल सोडून माझ्या मागे येत.

एका वर्षी गुलाबांमधल्या खडीच्या वाटेवर रवींद्र थांबला. त्याने माझ्या भात्याचा खटका लावला, बाकावर बसला आणि पुन्हा उठलाच नाही.

त्याची बायको विभावरी मला घरी घेऊन आली. "त्याने भरलेली शेवटची हवा आहे यात," असे म्हणून ती खटक्याला कुणाला हात लावू देईना. मुलगी इरा समजावून थकली. "आई, इट्स जस्ट एअर." विभावरीने माझ्यावर शाल घातली.

खरे सांगू? ती हवा गाडीपर्यंत जातानाच निसटली होती. पेटी म्हणजे काही लोणच्याची बरणी नव्हे. पण वाजवल्याशिवाय आम्हाला वाचा कुठली?

शालीखाली वर्षे गेली. चामडे वाळले, आतल्या सुरांच्या पात्यांवर गंज चढला. आणि रोज दुपारी मला खडीवर पावले ऐकू येत, रवींद्रसारखीच, डावा पाय किंचित ओढणारी. घरात सगळीकडे कार्पेट, खडी कुठून येणार? तरी ती पावले माझ्यापाशी येऊन थांबत. त्याच वेळी विभावरी हातातले काम टाकून माझ्याकडे बघे. मला फार भीती वाटे. ज्याला थांबणे माहीत नव्हते, तो माझ्यापायी अडकून पडला होता.

यंदा बागेतल्या वादकांचे बोलावणे आले. इरा म्हणाली, "मी वाजवू, आई? प्लीज. नाहीतर पेटी विल जस्ट डाय."

विभावरीने शाल बाजूला सारली. मग तिने स्वतः खटका काढला, भाता न हलवता एक पट्टी दाबली आणि कान लावून बसली. काहीच वाजले नाही.

"कधीच गेली होती गं," ती म्हणाली आणि पोटभर रडली.

बागेत शेवटी इराऐवजी विभावरीनेच मला गळ्यात अडकवले. माझे निम्मे सूर कण्हत होते, पण आम्ही चालत राहिलो. गुलाबांच्या वाटेवर ती पावले शेजारी आली. विभावरीची चाल मंदावली, पण ती थांबली नाही. पावले थोडी सोबत चालली, मग पुढे निघून गेली आणि पुन्हा कधी ऐकू आली नाहीत.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणाची अशी वस्तू शालीखाली झाकलेली असेल, तर ती बाहेर काढा, पुसा, वापरा. तिच्यापाशी कुणीतरी बिचारे कधीचे ताटकळत उभे असेल.