ताटातलं नाव

माझी गोदूमावशी बोटीने श्रीलंकेला जाऊन आली. येताना तिने माझ्यासाठी चहाची पुडी आणली.

हे तुम्ही वाचलेलं नाही. मावशी अजून आगरदांड्यातच आहे, पुडी आलेली नाही, आणि मी प्लास्टिकची फाईल मांडीवर घेऊन पासपोर्टच्या ऑफिसात बसलोय, असं समजा.

माझ्या एका बाजूला मावशी, दुसऱ्या बाजूला तिचे यजमान अंबाजीकाका. काकांनी उभी हयात गाड्या वाहून नेणाऱ्या आगरदांडा-दिघी फेरीबोटीवर दोर टाकण्यात घालवली. रोज परगावी जायचं आणि जेवायला परत यायचं. मावशी जेट्टीवर डबा आणून द्यायची, पण बोटीत कधी चढली नाही. दिघीत तिचं काम काय? काका निवृत्त झाले तेव्हा त्यांचा ट्रकवाला मुलगा धनेश म्हणाला, "बाबा, आता दुसऱ्याने दोर टाकलेल्या बोटीत बसा." मुंबई ते कोलंबो, क्रूझ. काकांनी एवढंच विचारलं, "गाड्या किती मावतात?"

क्रूझला पासपोर्ट लागतो, श्रीलंकेचा परवाना लागतो, आणि तिकिटासकट सगळीकडे नाव एकच लागतं. तिथे मावशीचं घोडं अडलं. शाळेच्या दाखल्यावर ती गोदू, आधार कार्डावर आवडाबाई. आमच्याकडे लग्नात नवरा ताटातल्या तांदळात अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो, सासू ते मोठ्याने सांगते, आणि जुनं नाव माहेरी परत जातं. म्हणून आम्हा माहेरच्यांची ती गोदूमावशी आणि सासरच्यांची आवडाबाई.

खिडकीपलीकडच्या मॅडमनी विचारलं, "नाव बदलल्याचा पुरावा?"

"तांदळात लिवलेला," काका म्हणाले.

"कशात?"

"तांदळात. ताटात पसरून, अंगठीनं."

"कुठंय ते ताट?"

"ताट हाय घरी. तांदूळ न्हाय."

"तांदळाचं काय झालं?"

"भात."

मॅडमनी चष्मा काढला. आजवर त्यांच्यासमोर भिजलेले पुरावे आले असतील, उंदराने कुरतडलेले आले असतील. वरणाबरोबर खाल्लेला पहिलाच.

"खाल्ला कोणी?"

"पंगत व्हती, मॅडम," मावशी म्हणाली. "पयले मुलीकडचे बसले."

म्हणजे पुरावा नष्ट करण्यात माझं अख्खं आजोळ सामील. मी फाईल हळूच मिटली.

मॅडम भल्या होत्या. म्हणाल्या, "असं करा, प्रतिज्ञापत्र द्या. लग्नात आवडाबाई नाव ठेवलं म्हणून. काका, तुम्हीच लिहिलंत ना? मग तुमची सही चालेल."

काकांनी पेन घेतलं. मग खाली ठेवलं.

"खोटी सही कशी करू?"

"खोटी?"

"मी आवडा लिवलंच न्हाय." काका फरशीशी बोलल्यासारखे बोलत होते. "आई बोललेली, आवडा लिव. पन मला गोदूच बरं वाटलं. तेच लिवलं. आईला वाचता येत न्हवतं. ती वरडली, आवडा! भटजीनं बघितलं, पन गप बसला. त्याला भूक लागलेली."

मी मावशीकडे पाहिलं. सारं सासर चाळीस वर्षं न झालेल्या बदलावर चाललं होतं, आणि ती पदराने माझी फाईल पुसत होती.

"मला ठाव हाय," ती म्हणाली.

"तुला कसं?"

"बाजूलाच बसलेली ना! चौथी शिकलेली हाय मी."

"मग बोलली न्हाईस ती?"

"तुमी तरी कवा त्या नावानं हाक मारलीत?"

हे खरं होतं. काका तिला 'अगं' म्हणतात. गर्दी असली तर 'ए, अगं'.

"आवडा म्हनायला जीभ वळत न्हवती," काका म्हणाले. "आन गोदू म्हनलं तर आई खोटी पडली असती."

मॅडमनी चष्मा पुन्हा घातला. त्याआधी कारण नसताना तो दोनदा पुसूनही घेतला. "आजी, पासपोर्टवर कुठलं नाव हवं?"

"ह्यांनी लिवलेलं."

मग आधार कार्ड गोदू झालं, बँकेत गोदू झाली, आणि तोवर ती बोट निघून गेली. धनेशने पुढच्या बोटीची तिकिटं काढली. चरफडत, पण काढली.

आता पहिलं वाक्य पुन्हा वाचायला हरकत नाही.

मुंबईत मी त्यांना सोडायला गेलो होतो. काका पुढे गेले, सवयीने दोर नीट बांधलाय का ते वाकून बघितलं, आणि वळले. मावशी जिन्याशी थबकली होती.

"गोदू," काका म्हणाले, "ये. पाय जपून टाक."

मावशीने मागे वळून माझ्याकडे पाहिलं.

"ऐकलं," मी म्हणालो. मगच ती चढली.

बोटीवर म्हणे चहाला गोदू, जेवायला गोदू, मासा उडाला तरी गोदू. परत आल्यावर आगरदांड्यात एसटीतून उतरताना मात्र समोर ओळखीची माणसं दिसली. काकांनी घसा खाकरला.

"अगं, पिशवी दे इकडं."

सबब संबंधित खात्यास नम्र विनंती की, श्रीलंका हा देश सध्याच्या जागेवरून हलवून बोटीने किमान वर्षभर लागेल इतक्या अंतरावर ठेवण्यात यावा. पुराव्यादाखल ताट सोबत जोडले आहे.