बटणांचा कौल

पाकळी पडली आणि टक् करणारी बटणं जिंकली. असं काही घडलंच नाही असं ठरवून बिंदुमाधवरावांनी ती उचलली आणि पुन्हा देवाच्या खांद्यावर ठेवायला हात पुढे केला.

"अण्णा, हात मागे," संकर्षण म्हणाला. "सगळ्यांनी पाहिलंय."

"वाऱ्यानं पडली ती."

"पंखा तुम्हीच बंद करायला लावलात."

चामराजपुरमच्या त्या घरातल्या हॉलमध्ये संकर्षणनं स्वतः प्लायवुड कापून केलेला व्हिडिओ गेमचा माणसाएवढा कॅबिनेट उभा होता. बटणांखालचे स्विच तेवढे बसायचे होते. त्यानं दोन प्रकार मागवले होते: एक दाबला की खणखणीत टक् करणारा, दुसरा मुका. त्यातलं एक पाकीट संध्याकाळी कुरियरवाला परत नेणार होता. मुक्या बटणानं मारलेला ठोसा लागला की नाही हे हाताला कळतच नाही, असं संकर्षणचं म्हणणं. भिंतीपलीकडे आपली दुपारची झोप असते, असं त्याच्या वडिलांचं, अण्णांचं. कचेरीतून नुकतीच निवृत्त झालेली आई, वेदवती, टक्‌च्या बाजूनं होती, कारण ठोसे मारायला तीही बसणार होती.

प्रश्न एवढा गंभीर झाल्यावर तो देवाकडेच जायचा. व्यंकटेशाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. टक् करणारे स्विच ठेवायचे का? उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही.

व्यंकटेशानं फार विचार केला नाही.

"देवाची उजवी पडली," वेदवती म्हणाली.

"देवाची कशाला? बघणाऱ्याची धरतात. आमच्या घरात पहिल्यापासून."

"आमच्या माहेरी कृष्णराजनगरला देवाचीच धरतात. कौल देव देतो, तुम्ही नाही."

"हे कृष्णराजनगर नाही."

"हौदा? असं काय?" वेदवतीनं पदर खोचला. "मग माझ्या वेळी? ही मुलगी करून घ्यायची का म्हणून तुमच्या अप्पांनी मारुतीच्या देवळात कौल लावला होता ना? तेव्हा कुठली पडली होती?"

अण्णांनी समईची वात उगाच सारखी केली.

"सांगा की."

"हीच."

संकर्षणनं मूर्तीसमोर उभं राहून आधी आपला उजवा हात वर केला, मग डावा. डावा बराच वेळ वरच राहिला.

"अण्णा," तो जपून म्हणाला, "म्हणजे आपल्या घरच्या नियमानं देव नाही म्हणाला होता. मी नियमाबाहेर जन्मलो?"

"अप्पा डोळे मिटून बसले होते, बघणारा मी." अण्णा समईशीच बोलत होते. "मी समोरून पाहिलं. डावीकडे पडली. त्यांनी डोळे उघडायच्या आत पळत मारुतीच्या मागे गेलो. तिथून ती उजवीकडे दिसत होती. तिथूनच ओरडलो, उजवी! खोटं नाही बोललो."

 मग अण्णा उठले, मुक्या स्विचचं पाकीट उचललं आणि कुरियरवाल्यासाठी दाराजवळच्या स्टुलावर नेऊन ठेवलं.

वेदवतीनं त्यांच्या पाठीकडे पाहिलं. डोक्यावरून पदर घेतला, व्यंकटेशापुढे हात जोडले आणि कचेरीतल्या आवाजात म्हणाली,

"अर्जदार वेदवती बिंदुमाधव विनंती करते की, मारुतीच्या देवळातील सदर कौल पुन्हा तपासू नये, आणि अर्जदाराच्या पतीस मूर्तीमागे पळण्याची परवानगी त्या दिवसापासून, पूर्वलक्षी प्रभावाने, मंजूर व्हावी."