हात बाहेर

“या स्टुलावर बसायचं नाही, तर काय कपाटावर बसू?” मनाली पुटपुटली. दुसऱ्या विभागातून बदलून येऊन तिला चारच दिवस झाले होते.

नीलमनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ते स्टूल कुंडलिकचं. विक्रोळीच्या या प्रयोगशाळेत सतरा वर्षं दोघं एकच काम करत आले होते. विमानाच्या इंधनटाकीत आग पसरू नये म्हणून भरायचा स्पंज छोट्या टाकीत बसवायचा, आत ठिणगी पाडायची आणि आग पसरते की तिथंच विझते ते बघायचं. बटण दाबण्याआधी नीलम विचारायची, “हात?” टाकीपाशी उभा कुंडलिक म्हणायचा, “बाहेर.” मगच बटण.

तीन महिन्यांपूर्वी तो झोपेतच गेला. फळ्यावर मात्र अजून ‘कुंडलिक – रजेवर’ असंच होतं. जिवंतपणी त्याला सलग चार दिवस रजा मिळाली नव्हती. ते पुसायला कुणी धजत नव्हतं, आणि नीलम आता प्रश्न विचारून उत्तरही स्वतःच देत होती.

आजही तिनं बटणावर बोट ठेवलं. “हात? बाहेर.”

“अगं, माझा आत आहे ना,” मनाली टाकीपाशी वाकून म्हणाली.

नीलमनं बोट उचललं. मनालीनं सावकाश हात बाहेर काढला, पण रागावली नाही.

नीलम उठली आणि ओढणीच्या टोकानं तिनं फळा पुसला.

“बस त्या स्टुलावर,” ती म्हणाली. “कुंडलिक गेला गं.”