तबेल्यातली सिद्ध शिळा

तबेल्याच्या दारात पाय ठेवायला जागा नव्हती. माणसं एकमेकांच्या खांद्यावरून माना उंचावून बघत होती. आत गावात आलेल्या मांत्रिक बाबानं कापडातून काढलेली काळी शिळा पुढे धरली, तशी माझ्या ताईची टांग्याची घोडी सरळ चालत आली आणि मान खाली घालून शिळेला तोंड लावून उभी राहिली.

"मुक्या जिवाला कळतं! माणसाला कळत नाही!" बाबा गरजला. धडाधड हात जोडले गेले. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी नालबंद. या घोडीचे खूर बारा वर्षं माझ्या मांडीवर आलेत. दोन महिन्यांत तिच्या बरगड्या दिसायला लागल्या, आणि हा भामटा सांगतो, पोटात बसलेली बाधा चारा खाते! उपाय काय? गवत बंद, मीठ बंद, फक्त त्यानं मंतरलेलं धान्य. लाकूडवाल्याचा घोडा याच पथ्यावर पोटदुखीनं लोळत लोळत मेला. तेव्हा बाबा म्हणाला, मालकाची श्रद्धा कमी पडली. वा रे वा!

"ताई, गवताशिवाय घोडा जगत नाही गं."

"तू गप्प बस. कशी नमस्कार करतेय, दिसत नाही?"

"नमस्कार कसला, चाटतेय ती!"

मी पुढे घुसलो, शिळा हिसकावली आणि सगळ्यांदेखत जीभ लावली. खारट! वरून तेल नि काजळी, आत मिठाचा खडा. दिवसभर घाम गाळणाऱ्या जनावराचं मीठ आठ दिवस तोडलं, तर ते दुसरं काय करणार?

"पाखंडी! जीभ झडेल तुझी!"

"झडली की कळवतो."

सकाळीच निरोप धाडून मी जनावरांच्या डॉक्टरबाईंना बोलावलं होतं. त्यांनी एक साधी वीट मिठाच्या पाण्यात बुडवून घोडीपुढे धरली. घोडीनं विटेलाही तस्साच नमस्कार घातला. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. मग बाईंनी घोडीचं तोंड उघडून ताईला आत बघायला लावलं. दाढांना धारदार टोकं आली होती, गाल आतून सोलवटले होते.

"हिला चावताच येत नाही. म्हणून अर्धवट चावलेलं गवत तोंडातून खाली पडत होतं. मी टोकं कानशीनं घासून देते. मग भरपूर गवत, स्वच्छ पाणी, मीठ. धान्य बेतानंच."

ताई मटकन खाली बसली. "मीच उपाशी मारत होते रे हिला." तिच्यावर ओरडायचं मी ठरवलं होतं, पण हात देऊन तिला उठवलं.

बाबा एव्हाना मागच्या दारानं पसार झाला होता. उद्या दुसऱ्या तबेल्यात जाईल, तिथेही गर्दी जमेल. म्हणून सांगतो मंडळी, घोडा रोडावला तर त्याचं तोंड उघडून बघा, चारा बघा, डॉक्टरला विचारा. त्याला बोलता येत नाही. त्याच्या वतीनं आपणच विचारायचं असतं. तेवढं तरी करा.