ओळखीची बाटली

बाबांना माणसाचा चेहरा दिसायचा नाही, फक्त कडा दिसायच्या. डोळ्याच्या पडद्याचा मधलाच भाग खराब झाला होता. समोर कुणी उभं राहिलं की नाक-डोळ्यांच्या जागी राखाडी डाग आणि भोवती केस, कान, खांदे. रंग आणि आकार मात्र पक्के कळत. जन्मभर बंदरावर क्रेन चालवलेला माणूस. उंचावरून खोके रंगावरून ओळखायची सवयच होती. आई गेल्यावर त्यांनी स्वयंपाकघर तसंच लावून घेतलं. निळा चौकोनी डबा साखरेचा, लाल झाकणाची बरणी मिठाची, आणि पिवळी, पोट सुटलेली, हिरव्या टोपणाची बाटली म्हणजे लिंबाचं सरबत. कुणावाचून त्यांचं अडत नव्हतं.

मुलं दोघं. थोरली लेक समोरच्या गल्लीत राहायची. अपघातातून उठलेल्यांना व्यायाम देऊन चालतं करणं हे तिचं काम. धाकटा नेमका त्या सरबताच्याच कंपनीत ब्रँड सांभाळायचा.

"ताई, गिऱ्हाइकाचं डोकं म्हणजे कपाट गं," तो रंगात येऊन सांगायचा. "नाव फार नंतर आठवतं. आधी रंग, मग आकार. पिवळं पोट दिसलं की आमचा कप्पा आपोआप उघडतो. लिंबू, गारवा, लहानपणची सुट्टी, सगळं तिथे आधीच रचून ठेवलेलं. नवा माल गुपचूप त्याच कप्प्यात सरकवायचा. वेगळी ओळख करून द्यायला नको."

नवा माल म्हणजे भांडी घासायचं लिक्विड. तीच पिवळी बाटली, तेच टोपण, तेच लिंबाचं चित्र. पहिल्या खेपेतली एक बाटली त्याने कौतुकाने बाबांच्या ओट्यावर आणून ठेवली. तेवढ्यात फोन वाजला आणि तो बोलत बोलतच निघून गेला.

दुपारी तहान लागली म्हणून बाबा उठले. पेल्यात दोन बोटं पिवळं ओतलं, वर पाणी घातलं आणि घटाघटा प्यायले. चव कळेपर्यंत अर्धा पेला पोटात गेला होता. मग ओकारी आणि जीवघेणा ठसका. फेस श्वासाबरोबर छातीत उतरला. शेजारीण आवाज ऐकून धावत आली नसती, तर संपलंच होतं.

दवाखान्याच्या जिन्यात धाकटा भिंतीला टेकून उभा होता. चेहरा पांढराफटक. तोंडातून मात्र भलतंच निघालं. "ताई, लेबलवर स्पष्ट लिहिलंय गं. वाचायला हवं होतं त्यांनी."

"काय म्हणालास?"

"म्हणजे, कायद्याने..."

"बाबांना वाचता येत नाही! तुझं तोंडसुद्धा दिसत नाही त्यांना, आवाजावरून ओळखतात तुला. आणि ते लेबल वाचणार?" ती इतकी जोरात ओरडली की वरच्या मजल्यावरून एक नर्स वाकून बघायला लागली. "बघू दे तिला! सगळ्यांना बघू दे!"

बाबांच्या नाकातली नळी निघाली त्या दिवशी ती थेट कंपनीत गेली. धाकट्याच्या साहेबीणबाईंनी काचेच्या खोलीत बसवलं, पाणी मागवलं, हळहळ व्यक्त केली. धाकटा कोपऱ्यात मान खाली घालून बसला होता.

"आम्ही आधी चाचणी घेतली होती," बाई समजावणीच्या सुरात म्हणाल्या. "बाटली दिसताक्षणी लोकांनी आमचं नाव घेतलं. इतकी घट्ट ओळख फार थोड्यांच्या वाट्याला येते."

"माझ्या वडिलांनीही दिसताक्षणीच ओळखली," ती म्हणाली. "तुमच्या परीक्षेत पैकीच्या पैकी मिळाले त्यांना. बक्षीस काय, फुफ्फुसात साबण?"

"तसं नाही, अशी दृष्टी असलेले लोक फार थोडे असतात..."

"आणि लहान पोरं? तीही लेबल वाचूनच तोंडाला लावतात ना?"

बाईंनी खुणावलं आणि शिपायाने कंपनीच्या मालाची भरलेली टोपली आणून ठेवली. वर रिबीन. ती बघून लेकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने टोपली उचलली आणि भावाच्या मांडीवर आदळली.

"तू बोल ना रे! तुझाच बाप आहे तो."

धाकट्याने टोपली दोन्ही हातांनी धरली.

पुढे कंपनीने बाटलीच्या मागच्या बाजूला नखाएवढी पट्टी लावली: पिण्यासाठी नाही. रंग तोच, पोट तेच, टोपण तेच. मालाचा खप चांगला होता म्हणे. लेकीने ग्राहक न्यायालयात तक्रार गुदरली. तिची तारीख पडतेय आणि पुढे जातेय.

बाबा घरी आले ते वेगळेच होऊन. आवाज घोगरा झाला होता, पण तिला खटकलं ते दुसरंच. स्वयंपाकघरात जाऊन निळ्या डब्यावर हात ठेवून ते नुसते उभे राहायचे. "हे काय आहे गं?" साखर, बाबा. "नक्की?" मिठाचं तेच, तेलाचं तेच. ज्याने जन्मभर कुणाला काही विचारलं नव्हतं, तो माणूस आता स्वतःच्या घरात पाहुण्यासारखा परवानगी मागत होता. तिचा संताप त्यामुळे विझायचं नाव घेईना.

एका रविवारी धाकटा आला. बाबांच्या पायाशी बसला. "चुकलं माझं," एवढंच कसंबसं म्हणाला. बाबांनी मान हलवली आणि पाणी मागितलं. त्याने लगबगीने माठातून पेला भरून आणला.

बाबांनी हात पुढे केला नाही.

"आधी तू पी," ते म्हणाले.

"बाबा, पाणीच आहे."

"असेल. तू पी."

धाकट्याने बहिणीकडे पाहिलं. ती दाराशी हाताची घडी घालून उभी होती आणि त्याला सोडवायचा तिचा काडीचा विचार नव्हता. त्याने पेला तोंडाला लावला, घोट घेतला, गिळला. बाबा मान तिरकी करून, डोळ्याच्या कडेने त्याचा गळा हलताना बघत राहिले. थोडं थांबले. मगच त्यांनी पेला घेतला.

तेव्हापासून तो येतो आणि दर वेळी आधी घोट घेतो. अजूनही नोकरीला तिथेच आहे.