चार बोटांवरचा समुद्र

मी एक जुना नकाशा आहे, मित्रांनो. माझ्या घड्या झिजल्या आहेत आणि सोलापूर जिल्ह्यावर लोणच्याच्या तेलाचा भलामोठा डाग आहे. हसू नका, त्या डागाचीही कहाणी आहे.

छापखान्यातून मी परभणीच्या बसस्टँडवर आलो. तिथून बोरीच्या आसारामनं मला घेतलं. तो ऊसतोडीच्या टोळ्या ट्रकमधून कोल्हापूरकडे न्यायचा. "ह्यो हाय म्हणून गाडी सरळ चालायली," असं तो टोळीला सांगे, तेव्हा मी घडीतल्या घडीत फुगून जाई.

टोळीत त्याची बायको कडूबाईही ऊस तोडायची. तिला वाचता येत नव्हतं, पण माझ्या डाव्या अंगाचा निळा रंग तिला फार आवडायचा.

"अवो, समुद्र किती लांब हाय हितून?"

आसाराम माझ्यावर बोटं ठेवून मोजायचा. "चार बोटं. पुढल्या साली जाऊ." त्यानं किनाऱ्यावरच्या एका लहानशा गावाभोवती पेनानं गोलही काढला. पुढलं साल काही आलं नाही. एके वर्षी आसारामच गेला.

मग घरोघरी मोबाईल आले आणि मी फळीवर, लोणच्याच्या बरणीखाली गेलो. अकरा वर्षं! वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

यंदा कडूबाईचा मुलगा भागवत सगळ्यांना जीपनं कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला न्यायला निघाला. कडूबाईनं स्वतः बरणी उचलली, मला पुसलं आणि त्या गोलावर बोट ठेवलं. "तिथवर जायलावच, तर हितं अर्धा दिवस थांबू. गुडघे हायत तवर."

भागवतनं त्या गावातल्या एका खानावळीच्या बाईंना फोन लावला. बोलणं झालं आणि त्याचा चेहरा पडला.

"आई, रद्द कर. शनिवारी सकाळी तिथं भरती हाय म्हणं."

भागवत स्वतः दोनदा पोलीस भरतीला उभा राहिलेला. मैदानावरची ती रेटारेटी तो विसरला नव्हता. त्यानं मला घडी घालायला घेतलं, पण कडूबाईचं बोट काही उठेना.

"असू दे भरती. पोरं पळतील, मी कडंला बसन. मला काय पळायचंय?"

तिची नात शिवकन्या परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकते. तिनं बापाकडं रोखून पाहिलं. "बाबा, कशाची भरती?" तिनं पुन्हा फोन लावला.

"अहो, समुद्राची!" पलीकडच्या बाई हसू लागल्या. "सकाळी पाणी चढतं. दुपारी ओहोटी लागली, की आजींना खुशाल वाळूवर आणा."

भागवतनं कपाळावर हात मारला. कडूबाई तर डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली.

शनिवारी दुपारी ती मला छातीशी धरून ओल्या वाळूत उभी राहिली. एक लाट आली, तिचे पाय भिजले आणि चार थेंब माझ्यावरही उडाले. आसारामनं काढलेला गोल फुटला, शाई निळ्या रंगात पसरली. मला जरासुद्धा दुःख झालं नाही.

"चारच बोटं व्हती," ती मला म्हणाली, "पर यायला तीस सालं लागली बग."

मित्रांनो, घरातला जुना नकाशा बरणीखाली घालू नका. तो जमिनीवर पसरा, घरातल्या थकल्या माणसाला शेजारी बसवा आणि विचारा, "तुला कुठं जायचं राहिलंय?" मग ते बोट जिथं थांबेल, तिथं गाडी थांबवा.